नाडी जागेवर येईपर्यंत

कुणी प्रेमाचा विषय काढला की आमचे सर आधी त्याचं मनगट धरायचे. दोन बोटं नाडीवर, नजर घड्याळावर, आणि मग निकाल: “हृदय नुसता पंप आहे, राव. भानगड वरच्या मजल्यावर होते.” असं म्हणून स्वतःच्या टकलावर टिचकी मारायचे.

सर जुन्नरला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि तीही त्यांच्यामुळे. पुढे मी त्याच शाळेत शिकवायला लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरची खुर्ची मिळाली. डबा उघडला की सर डोपामिनवर यायचे. नवं माणूस आवडलं की मेंदूत ते कसं उसळतं, आणि जुन्या सोबतीला ऑक्सिटोसिन कसं सांभाळून घेतं, हे वांग्याच्या भाजीबरोबर समजावायचे. मराठीच्या बाईंनी एकदा विचारलं, “सर, घरी वहिनींनाही केमिकलच्याच नावानं हाक मारता का?” सर चक्क लाजले. असा लाजणारा विज्ञानाचा मास्तर तुमच्याही शाळेत एखादा असेल.

मला अवसरीकडचं स्थळ आलं. मुलगा मंचरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता. पोह्यांचा कार्यक्रम झाला. सगळं बरं होतं. पण हो म्हणावंसं वाटेना आणि नाही म्हणायला कारण सापडेना. वडिलांना आठवड्याभरात उत्तर कळवायचं होतं. मी सरांना गाठलं.

“बसून पोहे खाताना मेंदूला काय कळणार?” सर म्हणाले. “लेण्याद्री चढा दोघं. छाती धडधडली की मेंदू शेजारच्या माणसाकडे बघतो आणि म्हणतो, हे यानंच केलं.”

“मग ती फसवणूकच झाली की, सर.”

“म्हणून तर वर पोचल्यावर लगेच ठरवायचं नाही. नाडी जागेवर येईपर्यंत बसायचं. त्यानंतर उरेल ते आपलं.”

ठरण्याआधी मुलीनं मुलाबरोबर फिरायचं, हे आमच्याकडे जड होतं. सर स्वतः घरी आले. वडिलांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि वाट काढली, “वर गणपती हाय. देवदर्शन म्हणू लोकांना. पण सर, तुमी आन् वयनी बरूबर पायजे.”

रविवारी सकाळी आम्ही चौघं पायथ्याशी जमलो. वहिनींना चढ मानवत नव्हता, म्हणून ती दोघं खालीच सावलीत बसली. वहिनी हसून म्हणाल्या, “यांनी मला लग्नाआधी एकदाच बघितलं, तेही सतरंजीवर बसून. तेव्हा कुठली धडधड?” सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

अर्ध्या वाटेवर एका माकडानं माझ्या हातातली पेढ्यांची पिशवी ओढली. माझ्याहून वीतभर उंच असलेला मुलगा चटकन माझ्या मागे गेला. माकड पिशवी घेऊन पसार झालं आणि उरलेल्या पायऱ्या आम्ही पळतच चढलो. वर पोचलो तेव्हा छाती धाडधाड उडत होती, आणि मुलगा एकदम देखणा दिसायला लागला होता. मला सर आठवले. मी खाली बसून स्वतःचं मनगट धरलं. त्यानं विचारलं, मी सगळं सांगितलं. मग त्यानंही स्वतःचं धरलं. दर्शनाला आलेली माणसं आमच्याकडे बघत पुढे जात होती.

धडधड शमली. तो म्हणाला, “मला माकडांची लई भीती वाटते. बघायच्या वेळी हे सांगायचं नसतं. पण तुम्ही पाहिलंच.”

नाडी जागेवर होती, आणि तरी मला तिथून उठावंसं वाटेना. उत्तर मिळालं होतं.

आजही माकड दिसलं की आमचे हे माझ्या मागे चालतात. सर गेल्या वर्षी गेले. नाडीचा धडा आता मी शिकवते, आणि शिकवताना त्या दिवशीचा पायथा डोळ्यांपुढे येतो. होकार सांगायला आम्ही भराभर उतरलो, तर सर वहिनींचं मनगट धरून बसलेले.

“अहो, झालं का मोजून?” वहिनी म्हणत होत्या.

“थांब जरा,” सर म्हणाले.

घड्याळ बांधलेला हात त्यांनी मागे पायरीवर टेकला होता, आणि नजर वहिनींवर होती.