टाकी आठ फूट वर

व्हॉल्व्ह उघडून अर्धा तास झाला तरी टाकीत पाण्याचा थेंब पडला नव्हता. नारळ फुटला होता, खोबरं वाटून झालं होतं, सगळी वस्ती टाकीभोवती उभी होती.

"एअर लॉक असेल," आमचे साहेब म्हणाले. म्हणजे पाइपात हवा अडकली असेल. मीही मान डोलावली. दुसरं काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण सर्व्हे माझा होता.

ही वस्ती शिनोलीच्या पुढे, डोंगरात आहे. समोरच्या डोंगरावरचा झरा पाइपाने टाकीत आणायचा आणि टाकीतून घरोघर नळ द्यायचे, मोटर नाही, असं काम होतं. झरा टाकीच्या तोंडापेक्षा उंच हवा, एवढीच अट. तो २.२० मीटर उंच आहे, असं मी लिहून दिलं होतं. वस्तीतल्या हिराबाईने त्या भरवशावर घरामागची नाचणीची जागा टाकीला दिली. गुडघे गेलेले असूनही पाइपासाठी चर खणायला ती रोज यायची.

एक माणूस पाइपावरून चालत खाली गेला आणि जोड सैल करून ओरडला, "हितं पाणी हाय!"

पाणी टाकीच्या बुडाच्याही आठ फूट खाली येऊन थांबलं होतं. हवा वगैरे काही नव्हती.

मी जीपमध्ये बसून लेव्हल बुक, म्हणजे सर्व्हेच्या उंच्यांची वही, उघडलं. उंची मोजायची रीत सोपी असते. मागच्या जागेची उंची घ्यायची, त्यात स्टाफवरचं, म्हणजे आकडे आखलेल्या उभ्या काठीवरचं, मागचं रीडिंग मिळवायचं, पुढचं वजा करायचं. असं टाकीपासून टप्प्याटप्प्याने झऱ्यापर्यंत जायचं. सायंटिफिक कॅल्क्युलेटर आधीचं उत्तर लक्षात ठेवतो. 'आन्स', म्हणजे आधीच्या उत्तराचं बटण दाबायचं, नवे आकडे टाकायचे, बरोबरच्या चिन्हाचं बटण दाबायचं. त्यामुळे मधल्या उंच्या वहीत लिहायचं मी कधीच सोडून दिलं होतं. लिहून ठेवणाऱ्या जुन्या लोकांना आम्ही हसायचो.

पण एक गोष्ट असते. बरोबरचं बटण पुन्हा दाबलं, की कॅल्क्युलेटर तीच बेरीज नव्या उत्तरावर पुन्हा करतो. नवव्या टप्प्याला चढ ३.३५ मीटर होता. भर दुपारचं ऊन होतं, डिस्प्ले दिसेना, म्हणून मी ते बटण आणखी दोनदा दाबलं होतं. झरा कागदावर ६.७० मीटरने जास्त वर गेला. खरा झरा टाकीच्या तोंडाच्या साडेचार मीटर, म्हणजे बुडाच्या आठ फूट, खाली होता.

हे तेव्हाच सापडलं असतं. सगळी मागची रीडिंग्ज आणि सगळी पुढची रीडिंग्ज यांची वेगवेगळी बेरीज करून वजाबाकी करायची, दहा मिनिटांचं काम. साहेबांना संध्याकाळपर्यंत लेव्हल हव्या होत्या. मी न करताच 'चेक ओके' लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात.

साहेबांना सांगितलं. त्यांनी वही मिटली.

"आत्ता एअर लॉकच म्हण. बाकी नंतर बघू."

माझ्याने ते झालं नाही. हिराबाईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"मंग दुरुस्त करा की, राव," ती म्हणाली.

"पाणी चढणार नाही, मावशी. टाकीच चुकीच्या जागी आहे."

तिने पदराने तोंड पुसलं. "तुमचा हिशेब मला कळत न्हाई. पन चर तुमी म्हनला तेवढा खोल आमी खणला व्हता. इतभर बी कमी न्हाई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

झऱ्यापेक्षा खालची सपाट जागा थेट ओढ्याजवळच मिळाली. दुसरी टाकी तिथे बांधली. खालच्या घरांना नळ आले. वरच्या आठ घरांना पाणी चढत नाही, त्यांत हिराबाईचं घर आहे. त्यांच्यासाठी मोटर पुढच्या टप्प्यात, असं फाइलवर लिहिलं आहे. तो टप्पा अजून आलेला नाही.

सर्व्हेला येणाऱ्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो, आधीचं उत्तर पुढे वापरायचं तर ते आधी सावलीत वाचा, वहीत लिहा, मग पुढचं बटण दाबा. पोरं हसतात.

परवा त्या वाटेने गेलो. वरच्या टाकीच्या स्लॅबवर हिराबाईने हिरडा वाळत घातला होता. ती स्वतः हंडा घेऊन खाली ओढ्याकडे गेली होती. मी ती वर यायच्या आत निघालो.