पानाच्या टोकावरची खाच

माझ्या सासूबाई तानुबाई, आमी त्यांना आत्याबाई म्हणायचो, उभ्या जन्मात कुणाशी गोड बोलल्या असतील तर ते पालेभाजीशी. माठाची जुडी हातात घेतली की, "कुठली गं तू माय? बांधावरची का मळ्यातली?" असं लाडानं इचारायच्या. मला झरी गावात नांदायला येऊन सहा वर्षं झाली होती, पण धुरपता हे माझं नाव काही त्यांच्या तोंडात आलं नव्हतं. "ए" म्हणलं की मी समजायचं.

या माठापायीच आत्याबाईंना गावात मान होता. ऋषिपंचमीला बाईनं बैलाच्या कष्टाचं तोंडात घालायचं न्हाई. नांगरलेल्या रानातलं न्हाई, मोटेच्या पाण्यावरचं न्हाई, कारण मोट बी बैलच वढतो. आपोआप उगवलेलं तेवढं खायचं. आता माठाची समदी भावंडं एका तोंडवळ्याची. रानमाठ आपोआप उगवतो, काटेमाठ बी, ते दोन्ही चालतात. मळ्यात पेरलेला माठ चालत न्हाई. अन् कवळेपणी तिन्ही शेजारी ठेवले तर भलीभली बाई फसती.

आत्याबाई फसत नव्हत्या. रानमाठाच्या पानाच्या टोकाला मधोमध बारीक खाच असती, उंदरानं कुरतडल्यावानी. मळ्यातल्याचं टोक निमुळतं. काटेमाठाच्या पेराशी बोट नेलं की काट्यांची जोडी टोचती. म्हून पंचमीला सकाळी समदी आळी आमच्या ओसरीवर टोपली घेऊन बसायची. आत्याबाई पान चिमटीत धरायच्या अन् फैसला द्यायच्या, "चालते." न्हाईतर, "न्हाई चालत. ऊठ." मग ती बाई मुकाट ओढ्याला जाऊन नवी भाजी खुडून आणायची. मुन्सफाच्या कचेरीत अपील तरी होतं, इथं ते बी नव्हतं.

एका साली गावच्या मोठ्या जमीनदाराच्या, आबासाहेबांच्या घरच्या कस्तुराबाई आल्या. आत्याबाईंनी त्यांचं टोपलं हातानं सरकवून दिलं. "आबासाहेबांचे बैल मोट वढून वढून झिजले, अन् तेच्या घामाची भाजी तुमी ऋषीला दाखवायल्या व्हय? उठा." कस्तुराबाई जरीकाठाचं लुगडं चिखलात घोळवत ओढ्याला गेल्या. तो राग त्यांनी पाच वर्षं लोणच्यावानी मुरवला.

खरं सांगते, आत्याबाईंकडं दुसरं काहीच नव्हतं. नवरा कधीच गेलेला, जमीन दिराच्या ताब्यात. वर्षातला एक दिवस गाव त्यांच्या ओसरीवर यायचं, अन् बाकीचे समदे दिवस आत्याबाई त्या एका दिवसाच्या जिवावर मान ताठ करून चालायच्या. मला लय राग यायचा त्या ताठ मानेचा.

मग पोलीस ॲक्शनच्या आधीची पंचमी आली. निजामाच्या रझाकारांची धास्ती होती. बाईमाणसानं गावाबाहेर पाऊल टाकू नये, असं घरोघर बजावलेलं. ओढा बंद, गायरान बंद. मग बायांनी काय करावं? गावाला चिकटून मळे होते, तिथनं गुपचूप खुडलं. मी बी तेच केलं, वर आमच्या उकिरड्यावर उगवलेली चार रोपं मिसळली.

पहिलं टोपलं कमलबाईचं. मी डोकावले, एका पानाला खाच न्हाई. आता ही उठती, म्हून मी बघायले तर आत्याबाई म्हणल्या, "चालते." दुसरं टोपलं, "चालते." तिसरं, "चालते." अगं बाई, म्हातारीचे डोळे गेले की काय! मी हळूच चिमटा काढला, तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला.

ही बातमी कस्तुराबाईंना लागायला कितीसा येळ लागतो? आल्याच त्या, हातात तीन जुड्या घेऊन. "तानुबाई, यातली रानातली कुठली, काट्याची कुठली अन् मळ्यातली कुठली, सांगा बरं. होऊन जाऊ द्या समद्यांपुढं."

आत्याबाईंनी पहिली जुडी घेतली. त्यांचं नख पानाच्या खाचेत जाऊन बसलं, मी बघितलं. दुसऱ्या जुडीला काटा टोचला अन् ओठ मुडपला, ते बी बघितलं. तिसऱ्या जुडीच्या टोकावरून त्यांनी बोट दोनदा फिरवलं. मग मान वर करून बायांकडं बघितलं. समद्यांनी टोपल्यांवर पदर ओढले होते.

"समदा रानमाठच की कस्तुराबाई. चालते."

कस्तुराबाई टाळी वाजवून हसल्या. "ही तिसरी माझ्या मळ्यातली हाय! डोळे गेले की वो तुमचे!"

"असंल माय. वय झालं."

"मग पुढच्या सालापासून भाजी कुणी बघायची?"

"तुमीच बघा. तुमची नजर चांगली हाय."

जे पाहिजे ते मिळालं, म्हून कस्तुराबाई दुसऱ्या कुणाच्या टोपल्याकडं न बघताच गेल्या. बाया बी एकेक करून उठल्या. कमलबाई तेवढी जाताना पाया पडली.

मला असा संताप आला म्हणता! "आत्याबाई, खाचेत नख घातलेलं मी बघितलंय. काटा टोचलेला बघितलाय. तोंड शिवलं होतं का तुमचं?"

आत्याबाईंनी आमचं टोपलं पुढ्यात ओढलं अन् रस्त्याकडं बघत बघत नुसत्या बोटांनी दोन ढीग लावले, उकिरड्यावरच्या पानांचा एक, मळ्यातल्या पानांचा एक. मी एकेक पान उचलून टोक बघितलं. एक बी चुकलेलं नव्हतं.

"ती जुडी ओळखली असती, तर कस्तुराबाईनं समद्यांच्या टोपल्या उघडायला लावल्या असत्या," आत्याबाई म्हणल्या. "अन् मी न्हाई म्हणले की बाया ओढ्याला जातात. आज ओढ्याला गेलेली माघारी आली असती का?"

मग दोन्ही ढीग एकात कालवून माझ्याकडं सरकवले. "शिजव. अन् धुरपते, कुठं बोलू नको."

मी भाजी धुवायला उठले ती डोळे पुसतच.

निजामाचं राज गेलं. भाजी बघायचा मान कस्तुराबाईंकडं गेला, अन् दर पंचमीला त्या मळ्यातला माठ खुशाल मंजूर करायच्या. आत्याबाईंना गावानं आंधळी तानुबाई करून टाकलं. मी त्यांचा हात धरून, दगड आला, खड्डा आला, असं मोठ्यानं सांगत आळीतून न्यायचे. ओढ्याकाठी कुणी नसलं की त्या माझा हात झटकायच्या अन् दहा पावलांवरून वरडायच्या, "धुरपते, ती नको खुडू! ती मळ्यातली हाय, पुरात बियाणं वाहून आलंय!"