चार की आठ

हातात दगड आला की ताई आधी त्याला जीभ लावायच्या. ओल्या दगडाचे कण नीट दिसतात, हे भूशास्त्रातलं साधं कारण. पण जर्मनीत ब्राउनश्वाइगमधल्या आमच्या इन्स्टिट्यूटच्या कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर, हे करताना तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर तुम्हीही माझ्यासारखं टेबल बदललं असतंत.

मी पीएचडीला आले तेव्हा इथल्या जुन्या संशोधक असलेल्या ताईंच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. तरुणपणी संशोधनासाठी त्यांनी नामिबियाच्या वाळवंटात, नाउक्लुफ्टच्या डोंगरात तीन हिवाळे काढले होते. आता ते राष्ट्रीय उद्यान आहे. बोडक्या कड्यातून मध्येच झरा फुटतो, झेब्रे शेळ्यांसारखे उभी चढण चढतात, हे सांगताना त्या जेवायच्या थांबत. समोर जर्मन सहकारी असला की हमखास पुढचंही सांगत: याच घळींत जर्मन फौजेनं तिथल्या लोकांवर तोफा डागल्या होत्या. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणून तो बिचारा सूप ढवळत बसे.

त्यांनी आणलेल्या दगडांची खोकी तळघरात होती. ती खोली रिकामी करायची होती आणि ज्या दगडाची जागा ठाऊक नाही तो टाकून द्या, असा वरून आदेश होता. तिथंच घोळ निघाला. ताईंनी खोक्यांवर घळींचे नंबर मराठी आकड्यांत लिहिले होते. इथल्या लोकांनी ४ ला आठ वाचलं आणि तसंच कॉम्प्युटरमध्ये चढवलं. त्यात काही खोक्यांवर ताईंनी खरोखरच जर्मन 8 काढलेला. कोणता कुठला, कुणालाच उमगेना. मी तर इतकी गोंधळले की आईला फोन लावतानाही चारच्या जागी आठ दाबू लागले.

ताईंनी एकेक दगड हाताळून बाकीची खोकी सोडवली. एक मात्र सुटेना. दुपारभर त्या नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

"ताई, चार लिहून टाकू. कोण बघतंय?"

"आल्झो, हे बघ, मला आठवत नाहीये," त्या म्हणाल्या. "तसंच लिही. माझ्या भरवशावर हा दगड शोधत कुणी चुकीच्या घळीत पाण्याशिवाय फिरायला नको."

मी नोंदीत 'चार किंवा आठ' असं लिहिलं आणि आदेश मोडून ते खोकं माझ्या टेबलाखाली ठेवलं. ताई नाशिकला बहिणीकडे गेल्या. गेल्या वर्षी तिथंच वारल्या.

परवा नामिबियातल्या विंडहुकहून एका विद्यार्थिनीची मेल आली. ती नोंद वाचून ती दोन्ही घळी पायी फिरून आली आहे. दोन्हीकडे तसाच दगड आहे म्हणते. तुमच्या बाईंना एकदा विचाराल का, असं तिनं विचारलंय.

मी 'विचारून सांगते' असं टाइप केलं आणि खोडलं.