दुसरा फोटो

मित्राताई गेल्याचा फोन आला तेव्हा आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. डॉक्टर संघमित्रा म्हणजे माझी मामेबहीण, आईची सख्खी भाची. नागपूरच्या एका दवाखान्यात ती न्यूक्लिअर मेडिसिनची डॉक्टर होती. चालता-बोलता हृदय बंद पडलं, कोणाला काही करायला सवडच मिळाली नाही. मी आईसमोर बसून एवढंच सांगितलं. सूप बाजूला सारून ती म्हणाली, “अन् तिचा फोटो कोणीच नाही काढला काय रे?”

याला आता दीड महिना झाला. आईच्या लेखी मित्राताई म्हणजे दुखणं शोधायला शरीराच्या आतले फोटो काढणारी. आमच्या उमरखेडात मात्र तिच्या खात्याचं नाव काढलं की लोक थेट अणुबॉम्बवर घसरत. एकदा एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी तिला विचारलंच, बॉम्बचं औषध माणसाला कसं टोचता म्हणून. ताईनं शांतपणे घास संपवला आणि सांगितलं, “एक्स-रे बाहेरून उजेड टाकून पाहते, भाऊ. आमी उजेड आतूनच लावतो. मंग शरीर स्वतःच सांगते, कुठं काय बिघडलं ते.”

तिच्या या उजेडाची गरज आमच्या घराला पडली ती कापसानं जिल्ह्याची दैना केली त्या वर्षांत. तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या चौकशीला रोज एक पथक येई, रोज कोणाच्या तरी दारात दुखवट्याचा मांडव पडे आणि दवाखान्यात गेलं की प्रत्येक दुखण्याला एकच नाव मिळे, टेन्शन. मामा, म्हणजे ताईचे वडील, त्याच काळात गेले. ढाणकीच्या एका शाळेत शिपाई होते. मुतखड्यानं बेजार झालेले, हाडं ठणकतात म्हणायचे, मग हळूहळू बोलणंच सोडलं, आणि एका दुपारी विहीर जवळ केली. लोक म्हणाले, कापसानं नेलं. मामांच्या नावावर वीतभरही शेत नव्हतं. पण हळहळणाऱ्या माणसाला तरी कोण खोडून काढणार?

दोन वर्षांनी आई तशीच गप्प झाली. अंगणवाडीत उभी हयात पोरांच्या गलक्यात काढलेली ही बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. खड्याचा त्रास दोनदा झाला. भरलेली बादली उचलताना मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, “टेन्शन आहे. सध्या सगळ्यांनाच आहे.” आम्ही घाबरून गेलो. घरातलं फवारणीचं औषध शेजारी नेऊन ठेवलं, आईला एकटं सोडेनासे झालो. शेवटी मी ताईला फोन केला. खडे, हाडं, गप्प बसणं... मी सांगत गेलो, ती एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेत गेली. मग ती म्हणाली, “आत्याच्या रक्तातलं कॅल्शियम उद्याच तपास.”

ते भलतंच वाढलेलं निघालं. गळ्यात चार बारक्या ग्रंथी असतात, त्यातली एखादी बिघडली की हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडते. हाडं ठिसूळ होतात, खडे होतात आणि मनही खचतं. बिघडलेली ग्रंथी काढली की माणूस बरा. पण आईच्या गळ्याच्या सोनोग्राफीत काहीच दिसेना, आणि ती नेमकी कुठं आहे हे कळल्याशिवाय सर्जन चाकू लावायला तयार नव्हते. सगळी भिस्त ताईच्या कॅमेऱ्यावर होती.

हा स्कॅन दोन फोटोंचा असतो. किरणं सोडणारं औषध टोचल्यावर एक आणि काही तासांनी दुसरा. तेवढ्यात चांगल्या भागातलं औषध ओसरतं, बिघडलेल्या ग्रंथीत मात्र टिकून राहतं. पहिला फोटो झाला. मी चहा आणायला गेलो. परत आलो तर आई जागेवर नाही. तिथला टेक्निशियन गोंधळून म्हणाला, “मी फक्त नियम सांगितला. म्हटलं, मावशी, आता कोणाला शिवू नका, तिकडे वेगळ्या बसा.”

माणूस वाईट नव्हता. बाहेरगावचा होता, रोज पंचवीस जणांना हेच सांगत असेल. पण आई छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या बापाची लेक. ‘शिवू नका’ हे शब्द तिच्या आजीनं आयुष्यभर ऐकले होते, ते पुन्हा ऐकायला लागू नयेत म्हणून तर तिच्या बापानं सारं मागं सोडलं होतं. कित्येक महिने ज्या बाईला स्वतःहून उठवत नव्हतं, ती मोडक्या हाडांनिशी उठून चालू पडली होती!

ताई पांढरा कोट काढायलाही थांबली नाही. आम्ही रिक्षानं एसटी स्टँड गाठलं. आई यवतमाळच्या गाडीत खिडकीशी बसली होती. शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर तान्हं लेकरू.

“तुह्या दवाखान्यात बी वेगळंच बसाव लागते काय, पोरी?” आई म्हणाली.

ताई तिथंच, गाडीच्या फळीवर, आईच्या पायाशी बसली. तिचा हात हातात घेतला. “चुकलं, आत्या. तुले नाही दूर ठेवून राह्यलो, औषधाले ठेवून राह्यलो. थे थोडा वेळ अंगातून बाहेर बी फाकते. मोठ्या माणसाले काही होत नाही, पन लहान लेकरं जपाव लागते.”

आईनं मान वळवून शेजारच्या तान्ह्याकडे पाहिलं. आणि दुसऱ्याच क्षणी, टेकायची काठी शोधत न बसता, उठली. “मंग असं सांगाव ना वं,” एवढंच म्हणाली आणि दांडीला धरून खाली उतरली.

दुसऱ्या फोटोत, गळ्यात नव्हे तर खाली सरकून छातीच्या हाडामागे, हरभऱ्याएवढा एक ठिपका तेवढा उरला होता. ताईनं पडद्यावर त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबाले बी हेच असन काय रे?... आता कसं पाहू?” तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांत आईनं नळावर शेजारणीशी कडाक्याचं भांडण केलं, आणि आम्ही घरात पेढे वाटले. ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप हसली. मामांचा विषय मात्र तिनं पुन्हा कधी काढला नाही.

परवा तिचं सामान आणायला दवाखान्यात गेलो. खुर्चीवर तिचा कोट तसाच होता. बाहेर तोच टेक्निशियन, आता केस पिकलेला, वणीकडच्या एका बाईला समजावत होता. बाईच्या कडेवर पोर. वऱ्हाडी त्याच्या तोंडात अजून नीट बसत नव्हती, पण एकेक शब्द पाठ केल्यासारखा जपून बोलत होता, “माय, आज लेकराले मांडीवर घेऊ नका. उद्या दोनदा घ्या.”

बाई हसली. पोर नवऱ्याकडे देऊन बाकावर इतर बायांत जाऊन बसली. मी त्याला विचारलं, हे कोणी शिकवलं? तो म्हणाला, “मॅडमनी. तुमच्या आई बसमधून परत आल्या त्या दिवशी. दुसरं काही म्हणू द्यायच्याच नाहीत.”

मी आत जाऊन कोट उचलला आणि डोळे पुसून होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.