जीपच्या पोटातली शिट्टी

मला जीप हवी होती ती ऑफिसला जायला नव्हे. हिंजवडीला कंपनीची बस होती, आणि तिथं मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचो. चूक दिसली की बिनदिक्कत लिहून टाकायची, समोरच्याला काय वाटेल याचा विचार करायचा नाही. हेच काम होतं आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मात्र मला पानशेतपलीकडच्या कच्च्या वाटा खुणावायच्या. चारही चाकांनी ओढणारी जुनी फोर-बाय-फोर जीप घ्यावी, तिचे स्प्रिंगचे पाटे उंच करावेत, मोठे टायर घालावेत आणि डांबर संपेल तिथून पुढे जावं, एवढंच डोक्यात होतं. बायको म्हणायची, "कोथरूडचे खड्डे कमी पडतात का?"

गाडी पारखायला बाबा होते, म्हणून मी निर्धास्त होतो. बाबांची सगळी नोकरी सरकारी वर्कशॉपात गेली. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर शिकून नोकरीला लागलेले आमच्या घरातले ते पहिले. सुरुवातीला वर्कशॉपात काहींनी त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता. पुढे तेच लोक गाडी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "जरा कान लावा हो." बाबा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि आत कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. पेल्याची गोष्ट त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली. कानाची मात्र पुन्हा पुन्हा सांगत. त्यांची सगळी इभ्रत त्या कानात होती.

पाच-सहा गाड्या पाहिल्या. एकीच्या चासीवर बाबांनी हातोडी मारली तर गंजाचे पापुद्रे गळाले. दुसरी इतकी रंगवलेली की बाबांनी विचारलं, "लग्न ठरलंय का हिचं?" तिसरीची पुढची चाकं ओढतच नव्हती, आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता, कारण फोर-बाय-फोरचा दांडा त्याने जन्मात ओढला नव्हता.

मग वारज्याकडची एक कळली. मालक तिथलाच शेतकरी. शेत बिल्डरकडे गेलं, दारात नवी गाडी आली, जीपला काम उरलं नाही. ओळखीच्या गॅरेजात, गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर जीप उभी केली, चारही चाकं अधांतरी केली. बाबा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खड्ड्यात उतरले. मेकॅनिकने चढाचा छोटा गिअर टाकला आणि मला ऐकू आली एक बारीक शिट्टी. चाकांचा वेग वाढला तशी तीही वाढली.

मालक बाबांकडे वाकून मोठ्याने म्हणाला, "आप्पा, छोट्या गिअरला जरा आवाज हाय बरं का. मागनं म्हनू नका सांगितलं न्हाई."

"कसला आवाज?" खालून बाबा ओरडले. त्यांनी पुन्हा मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. "लोण्यासारखा चाललाय. मला आवाज शिकवू नका."

त्या क्षणी मला घरातला कुकर आठवला. मागच्या महिन्यात डाळ करपून कोळसा झाली होती आणि बाबा ओट्याशेजारीच पेपर वाचत बसले होते. बायकोने दोन दिवस अबोला धरला होता. लक्ष नसेल, असं मी म्हणालो होतो. लक्ष होतं. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

मालकाने माझ्याकडे पाहिलं. "तुमाला तरी आला का न्हाई?"

"नाही," मी म्हणालो. "मला काहीच ऐकू आलं नाही."

तो खड्ड्यातल्या बाबांकडे पाहून हळूच म्हणाला, "बरं. तुमी म्हनता तसं."

जीप विकत घेतली. ती शिट्टी वाजवणारं बेअरिंग नंतर गुपचूप बदलू, असं मी ठरवलं होतं. पण दर रविवारी मी पार्किंगमध्ये जीपखाली आडवा झालो की बाबा स्टूल टाकून माझ्या उशाशी बसत. पाटे झाले, टायर झाले, पुढचा हूक झाला. सोसायटीने पाटीही लावली: 'हे वाहनतळ आहे. कारखान्यासाठी भोसरी आहे.' गिअरबॉक्सला हात लावला की बाबा म्हणत, "चांगलं चाललेलं उघडायचं नाही." मग मी हात काढून घेई. खरं सांगायचं तर मी भित्रा होतो, आणि त्या भित्रेपणाला मी प्रेम म्हणत होतो.

पहिल्याच मोठ्या चढावर, पानशेतच्या पुढे, मी छोटा गिअर टाकला. बाबा शेजारी, सहा वर्षांची मुलगी मागे. ती म्हणाली, "आजोबा, शिट्टी कोण वाजवतंय?"

"कुठली शिट्टी?" बाबांनी विचारलं. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी ॲक्सिलरेटर दाबला.

वळणावर गिअरबॉक्स जाम झाला. चाकं जागच्या जागी आवळली आणि जीप मुरुमावरून मागे घसरायला लागली. दरीकडेच्या एका धोंड्याला मागचं चाक अडकलं, म्हणून आम्ही राहिलो. मी धावत मागे जाऊन मुलीला बाहेर काढलं.

बाबा रस्त्याकडेला बसले. म्हणाले, "तुला ऐकू येत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"गॅरेजपासून."

"तो माणूस खरं सांगत होता. मी त्याला खोटं पाडलं आणि तू पाडू दिलंस." मग मुलीकडे बघून म्हणाले, "आणि हिला मागे बसवलंस."

पुढच्या आठवड्यात ते एकटेच बसने वारज्याला गेले आणि त्या शेतकऱ्याची माफी मागून आले. कानाला मशीनही आपणहून लावून घेतलं. बॉक्स दुरुस्त झाला, जीप अजून डोंगर चढते. बाबा माझ्यावर कधी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

परवा त्यांच्या छातीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. मी आनंदाने म्हणालो, "बाबा, सगळं ठीक आहे." त्यांनी चष्मा लावला आणि हात पुढे केला. "कागद दे," म्हणाले.

रिपोर्ट खरोखरच चांगला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, आणि मग सुनेला हाक मारून तिच्याकडून वाचून घेतला.