घारीची सावली

दुपारच्या बातम्यांत सांगत होते, हल्ल्याची क्षेपणास्त्रं आकाशातच पाडणारी यंत्रणा एका देशाला विकण्यावरून मोठा वाद पेटलाय. विकू नका, म्हणून शेजारचा देश हटून बसलाय. म्हणे, त्या देशाच्या डोक्यावर छप्पर आलं, तर आम्हाला धोका!

तेवढ्यात अंगणावरून सावली सरकली.

"घार आली गं, घार!" पलीकडून सुमनकाकू ओरडल्या. शेताच्या बांधाच्या भांडणावरून त्यांचा आमच्याशी कित्येक वर्षांचा अबोला, आणि अंगणातली कोंबडीची पिल्लं तर आमची.

कोंबडीने घशातून वेगळाच आवाज काढला, पंख पसरले. क्षणात सगळी पिल्लं पंखांखाली गडप. एवढ्याशा पिसांवर केवढं आकाश अडलं! मी थक्क होऊन बघत राहिले.

घार दूर जाईपर्यंत काकू दारात उभ्या होत्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी दार लावून घेतलं.