पेनंटवाल्या निशिओका-सानांची उलटतपासणी

कावासाकीच्या घरातून निघताना मधुराने, माझ्या मुलीने, मला दारातच गाठलं. "आई, ओसाका बघ, किल्ला बघ, पण निशिओका-सानांना प्रश्न विचारून हैराण करू नकोस हं." मी बरं म्हटलं आणि प्रश्न विचारायलाच निघाले.

निशिओका-सान म्हणजे मधुराचे घरमालक. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको राहतात. मधुराला नोकरी लागली होती आणि छोट्या इराला दिवसभर या दोघांकडे ठेवायचं घाटत होतं. मी पुण्याला परतण्याआधी तिला माझा होकार हवा होता. माझा सगळा जन्म सरकारी ऑडिटमध्ये गेला. समोरचा गोड बोलू लागला की मी सावध होते. निशिओका-सान तर फारच गोड बोलत. शिवाय त्यांचं म्हणणं असं, की साठच्या दशकात ओसाकाच्या ज्या बेसबॉल संघाने सगळ्यांचे अंदाज खोटे ठरवून पेनंट (लीगचं विजेतेपद) जिंकलं, त्या संघात ते कॅचर (चेंडू झेलणारे) होते. आता त्या संघाचा मेळावा होता आणि त्यानिमित्ताने ते मला ओसाका दाखवणार होते. थापाड्या माणसाच्या हाती नात द्यायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

शिनकानसेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) बसल्या बसल्या त्यांनी त्या वर्षाची कहाणी काढली. इंग्रजी तुटकं, पण समजण्यासारखं. संघातल्या एका अमेरिकन खेळाडूकडून शिकलो म्हणाले. उन्हाळ्यात संघ पार तळाला होता. पेपरवाले टिंगल करायचे. मग एक पिचर (चेंडू फेकणारा) असा पेटला, की आज खेळून उद्या पुन्हा उभा. शेवटी शेवटी त्याला जेवणाची काडीसुद्धा उजव्या हातात धरवेना, तरी शेवटचा सामना त्यानेच जिंकून दिला. सांगताना निशिओका-सानांचे डोळे ओले झाले. मला वाटलं, एवढं तर कुणीही जुन्या पेपरात वाचून सांगेल.

"तुम्ही स्वतः किती सामने खेळलात?" मी विचारलं.

त्यांनी ओनिगिरीचा (भाताच्या गोळ्याचा) भलामोठा घास घेतला आणि फुजी पर्वत कुठे दिसेल ते दाखवू लागले. तिकडे नुसते ढग होते. पुण्यात असते तर त्यांना तिथेच धरलं असतं, पण परमुलखात जरा दमाने घेतलं.

ओसाकाच्या स्टेशनात सरकत्या जिन्यावर मी कावासाकीच्या सवयीने डावीकडे उभी राहिले, तर मागे माणसं खोळंबली. इथे उजवीकडे उभं राहतात. निशिओका-सानांनी मला कोपराला धरून अलगद बाजूला घेतलं आणि मागच्यांची वाकून वाकून माफी मागितली. जेवायला ओकोनोमियाकी (कोबीचं जाड धिरडं) खाल्लं. माझ्यासाठी मांस-मासे वर्ज्य म्हणून त्यांनी दुकानदाराला बजावून सांगितलं होतं. तरी वर तपकिरी काहीतरी वळवळत होतं. निघाल्या वाफेने हलणाऱ्या सुक्या मासळीच्या पातळ चकत्या! दुकानदार ओशाळला, त्याने दुसरं करून दिलं. मी मात्र ही चूकही निशिओका-सानांच्याच नावावर टाकली.

मेळावा हॉटेलच्या हॉलमध्ये होता. खेळाडू पुढच्या टेबलांवर, आम्ही अगदी दाराशी. माइकवर एकेकाचं नाव पुकारलं, एकेक पांढऱ्या केसांचा माणूस उठला, टाळ्या पडल्या. निशिओका-सानांचं नाव आलंच नाही. ते मात्र सगळ्यांसाठी जोरजोरात टाळ्या वाजवत होते. माझी खात्री पटली. मधुराला काय सांगायचं त्याची वाक्यंही मी जुळवली, आणि खरं सांगते, वाईट वाटलं.

तेवढ्यात संघाचे त्या वेळचे मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक), आता अगदी म्हातारे, काठी टेकत उठले. त्यांना दोआगे (जिंकल्यावर मॅनेजरला हवेत उडवून झेलायची रीत) पुन्हा एकदा हवं होतं. त्यांची मुलगी नको नको म्हणत होती. खेळाडू भोवती जमले, पण कुणी उचलेना. सगळे मागे वळून दाराकडे बघू लागले.

"निशिओका!" मॅनेजर ओरडले.

निशिओका-सान लगबगीने गेले आणि मॅनेजरच्या डोक्याकडे उभे राहिले. मगच बाकीच्यांनी हात घातले. मॅनेजर कमरेइतके वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. ते लहान मुलासारखे हसत होते. निशिओका-सान वर बघत नव्हते. त्यांची नजर फक्त त्या मानेवर होती.

ते टेबलाशी परत आल्यावर मी गाडीतला तोच प्रश्न विचारला.

"एकही नाही," ते म्हणाले. "पिचर खेळायला उतरण्याआधी सराव करतात ना, ते चेंडू मी झेलायचो. आम्हांला काबे (भिंत) म्हणत. भिंतीचं नाव कोण पुकारणार?"

"मग डोक्याकडे तुम्हीच का?"

"मॅनेजर भित्रे. पेनंट जिंकलं त्या दिवशी म्हणाले, ही पोरं आनंदात मला फेकतील आणि झेलायचं विसरतील. निशिओका असेल तरच मी वर जातो."

परतीच्या गाडीत ते शांत झोपले आणि मी जागी राहिले. आयुष्यभर माणसांना नेमके प्रश्न विचारल्याचा मला अभिमान होता. इथे मात्र मी नको तोच प्रश्न घेऊन एवढ्या लांब आले होते.

मधुरा दारातच उभी होती. "काय गं, खरंच खेळले होते का ते?"

"एकही सामना नाही."

तिचा चेहरा पडला. "मग गं?"

"मग काय, सोमवारपासून ठेव इराला त्यांच्याकडे."